स्टिअरिंगला बांधलेलं लाल फडकं

"दाब."

"दाबतोय."

"तीनदा दाब आणि धरून ठेव. धरलंस?"

"धरलंय."

डेल्फिया कॉडिल ट्रकच्या पुढच्या चाकाशी जमिनीवर आडवी झाली होती. तिनं पान्यानं ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल सोड्याच्या रिकाम्या बाटलीत उतरलं. एकही बुडबुडा नाही. तिनं स्क्रू आवळला. "सोड."

वर सीटवर बसलेल्या होबर्टनं ब्रेकच्या पेडलवरून पाय उचलला आणि परत ठेवला.

"काय झालं रे?"

"वहिनी, अजून पावात पाय रुतल्यासारखंच वाटतंय."

शनिवारचे अकरा वाजले होते. तिसरी बाटली भरत आली होती.

डेल्फिया त्रेसष्ट वर्षांची. त्यातली एकतीस वर्षं तिनं काउंटीच्या शाळेच्या बसगाड्यांखाली काढलेली. पहिल्या दिवशी फोरमननं तिच्या हातात झाडू दिला होता. तिनं गॅरेज झाडून काढलं, झाडू परत दिला आणि विचारलं, "तू कुठली बस घेतोयस? उरलेल्या मी बघते." पूर्व केंटकीच्या त्या डोंगरांत ही गोष्ट अजून सांगतात. गॅरेजात एक नियम मात्र सगळे पाळत, फोरमनसुद्धा. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं असेल, ती हलवायची नाही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. एकतीस वर्षांत तिचं फडकं दुसऱ्या कुणी सोडलं नव्हतं.

पण बसगाड्यांचे ब्रेक हवेवर चालत. छोट्या ट्रकचे, तेलावर चालणारे ब्रेक हा तिच्या नवऱ्याचा, आर्लिसचा प्रांत. ती पेडल दाबायची, तो खाली आडवा व्हायचा. आर्लिस जाऊन चार वर्षं झाली. तो आता टेकडीवर, कॉडिलांच्या दफनभूमीत, वरून तिसऱ्या रांगेत होता. धाकटा दीर होबर्ट हिवाळ्यातल्या मिठानं गंजलेला आपला ट्रक घेऊन आला, तेव्हा तिनं नवे कॅलिपर, म्हणजे चाक आवळून धरणारे ब्रेकचे जबडे, मागवले आणि म्हणाली, "त्यात काय एवढं."

आणि घाई तर होतीच. उद्या मे महिन्यातला तो रविवार. सगळं खानदान टेकडीवर जाणार, गवत काढणार, थडग्यांवर फुलं ठेवणार, प्रार्थना म्हणणार आणि तिथेच लांब टेबलांवर जेवणार. तरणीताठी माणसं पायी चढत. म्हाताऱ्यांसाठी होबर्टचा ट्रक. मागच्या हौद्यात स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मांडायच्या आणि त्यांवर सात जणांना बसवायचं, हे वीस वर्षं चालत आलेलं. वाट मैलभराची, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घळ.

"दोनदा पटापट दाबलं की घट्ट होतंय बघ," होबर्ट म्हणाला. "बाबांची गाडी जन्मभर अशीच होती."

"आणि बाबा कुठे आहेत आता?"

"टेकडीवर. पण ते न्यूमोनियानं गेले, वहिनी."

"उद्या उतारावर मागे सात माणसं आणि तुला दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळाला नाही, तर?"

"दफनभूमी जवळच आहे. लांब न्यायला नको."

एरवी ती हसली असती. तिनं पुढच्या दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या चिमट्यांनी आवळून बंद केल्या. "आता दाब."

"दगड," होबर्ट म्हणाला. "एकदम दगड झालंय."

म्हणजे मागचं सगळं ठीक होतं. तिनं डावीकडचा चिमटा काढला. पेडल मऊ. तो परत लावून उजवीकडचा काढला. पेडल मऊ, तितकंच. दोष पुढे होता आणि दोन्हीकडे सारखा. दोन नवे कोरे कॅलिपर, दोन्ही एकाच तऱ्हेनं खराब? गळती कुठेच नाही. तिनं बोटांनी एकेक जोड चाचपला. कोरडा.

ऑटीमावशी तेवढ्यात काठी टेकत आली. वय अठ्ठ्याऐंशी, आर्लिसच्या आईची बहीण.

"झाला का गं ट्रक?"

"नाही झाला, मावशी. उद्या तो जाणार नाही."

"असं कसं? माझी तीन पोरं वर आहेत."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे. या वर्षी मी गेले नाही, तर पुढच्या वर्षी तुम्हाला मला न्यावंच लागेल. आणि मग मी खुर्चीत बसणार नाही."

होबर्टनं मान खाली घातली. डेल्फियानं खिशातून लाल फडकं काढलं, स्टिअरिंगला बांधलं आणि गाठ दोनदा ओढली. किल्ली आतच राहिली. तिथे किल्ल्या कुणीच काढत नाही.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला ती शेजाऱ्यांच्या गाडीतून गावात गेली. परतली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि ट्रक ठेवलेली शेड रिकामी होती. कामाच्या टेबलावर लाल फडकं ठेवलेलं होतं. व्यवस्थित, चौकोनी घडी घालून.

तिनं ती घडी तशीच खिशात घातली. फडकं नुसतं फेकलेलं असतं तर घाईत घडलं म्हणता आलं असतं.

तिनं होबर्टला फोन लावला. टेकडीवर फोन लागत नसे, आजही लागला नाही. चाकांखाली घालायला लाकडाचे ठोकळे घ्यावेत म्हणून ती खाली वाकली, तर तिथे जुना कॅलिपर पडला होता. काढताना तिनंच त्याला तारेनं चिठ्ठी बांधली होती, 'डावा'. का कोण जाणे, तिनं तो उचलला आणि चाकावर बसतो तसा समोर धरला.

हवा काढायचा स्क्रू वर होता. आभाळाकडे.

काल तीन बाटल्या भरेपर्यंत तिचा हात दुखला नव्हता. आर्लिसचा हात मात्र नेहमी भरून यायचा, कोपर वर धरून धरून. काल तिला स्क्रू खालीच सापडला होता, अगदी हाताशी.

तिनं नव्या कॅलिपरची खोकी शोधली. शुक्रवारी होबर्टनं मदत म्हणून ती चाकांजवळ नेऊन ठेवली होती. ट्रकच्या तोंडासमोर उभं राहून त्यानं स्वतःचा डावा हात तो डावा आणि उजवा तो उजवा धरला असणार. गाडीची डावी-उजवी बाजू मात्र ड्रायव्हरच्या सीटवरून मोजतात. ते कॅलिपर उलट्या बाजूंनाही बसत, फक्त उलटे बसत. स्क्रू खाली, हवा वर कोंडलेली. तळातून कितीही तेल काढलं तरी वरची हवा जागची हलणार नव्हती. पेडल दाबलं की चाकं आवळली जाण्याआधी ती हवाच दबत राहणार. आणि खोक्यावरची अक्षरं डेल्फियानं वाचलीच नव्हती.

ठोकळे, पाना, नळी, बाटली पिशवीत कोंबून ती निघाली. डोंगरामागून काळं आभाळ चढत होतं. पाऊस येणार, म्हणजे ते जेवण आवरतं घेणार. म्हणजे लवकर उतरणार.

वळणावर ती थांबली. मातीत टायरच्या खुणा होत्या. चढत गेलेल्या, आणि त्यांच्यावरूनच मागे घसरत आलेल्या. डावी खूण घळीच्या कडेपासून वीतभर अंतरावर संपत होती. खाली झुडपात कागदी गुलाबांचा एक गुच्छ अडकला होता.

त्यानंतर ती किती भराभर चढली ते तिला पुढे आठवलं नाही. वर पोचली तेव्हा ट्रक फाटकाशी उभा होता, तोंड उताराकडे, इंजिन चालू. हौद्यात सात खुर्च्या, सात म्हातारी माणसं, मांडीवर झाकलेली भांडी. तिनं दोन्ही पुढच्या चाकांखाली ठोकळे लाथेनं ठोकले.

"वहिनी, पाऊस येतोय," होबर्ट खिडकीतून म्हणाला.

"इंजिन बंद कर."

"दोनदा दाबलं की—"

"वळणावर किती वेळा दाबलंस?"

होबर्टनं समोर बघितलं.

"मी विचारतेय, होबर्ट."

"चार," तो म्हणाला. "पाचव्यांदा ब्रेक लागला."

"माझी फुलं तिथेच पडली," मागून ऑटीमावशी म्हणाली. "मी म्हटलं, हा काय खेळ करतोय."

होबर्टनं किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की दूरचा गडगडाट ऐकू आला.

"सगळे खाली उतरा," डेल्फिया म्हणाली. "चूक माझी आहे. दोन्ही कॅलिपर मी उलटे लावले."

"तू?" कुणीतरी म्हणालं. "एकतीस वर्षं गॅरेजात राहून?"

"हो. मी."

"खोकी मी ठेवली होती," होबर्ट पुटपुटला.

"त्यावरचं वाचायचं काम माझं होतं. फडक्याचं तुझ्याशी नंतर बोलते."

भाचे-पुतणे जमले. ज्या वाटेनं शवपेट्या वर आणतात, त्याच वाटेनं त्यांनी सात खुर्च्या खाली न्यायला घेतल्या. एका खुर्चीला चौघं, पेटीला लागतात तसेच. पाय टाकायची लयही तीच, सवयीची. कुणी बोलत नव्हतं. ऑटीमावशी तेवढी खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाली, "मेल्यांनो, मी अजून बघतेय हं. हळू."

मागे दोघंच राहिली. डेल्फियानं ट्रकचा जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर सोडवून हातात उलटा धरला, स्क्रू आभाळाकडे. पॅड एकमेकांवर येऊ नयेत म्हणून मधल्या फटीत लाकडाचा तुकडा सारला.

"दाब."

"दाबतोय."

"धरलंस?"

"धरलंय."

नळीतून तेल आलंच नाही. आधी नुसती हवा आली, फुसफुसत, लांबलचक, कुणी बराच वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तशी. दुसऱ्या चाकातूनही तशीच निघाली.  आत किती हवा होती ते होबर्टला आता ऐकू येत होतं.

कॅलिपर आणि चाकं परत बसवून झाल्यावर त्यानं पेडल दाबलं. "दगड," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "बोलवू का त्यांना परत?"

डेल्फियानं खाली पाहिलं. खुर्च्या वळण पार करत होत्या, डोंगराच्या बाजूला चिकटून.

"नको. आणि तूही बसू नकोस. चालत ये, माझ्या मागून. पुढून नाही."

तिनं ठोकळे काढले, लाल फडकं स्टिअरिंगला परत बांधलं आणि तिसऱ्या रांगेकडे एकदा बघून गाडी सोडली. पावसाचे थेंब काचेवर पडू लागले. तिनं उतारावर ब्रेक मारून बघितला. घट्ट, पहिल्याच दाबाला. पुन्हा बघितला. घट्ट. ब्रेकमध्ये आता काही खोट नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वळण आलं. घळीतले कागदी गुलाब भिजून खाली वाकले होते. तिनं ठरवलं नव्हतं, पण तिचा पाय पेडलवर गेला आणि दोनदा, पटापट, दाबून आला.