भाकड महिने

आमच्या घरात नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांना 'भाकड' म्हणत. अमेरिकेतल्या बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरात संपतो आणि थंडी सरेपर्यंत मैदाने बंद राहतात. त्या रिकाम्या काळाला बाबांनी दिलेले हे नाव. लहानपणी अमरावतीकडच्या त्यांच्या घरी गाय होती. व्यायच्या आधी ती आटायची, दूध बंद व्हायचे, आणि मोठी माणसे म्हणायची, गाय भाकड आहे.

"भाकड म्हणजे निकामी, असं शहरातल्या लोकांना वाटतं," बाबा सांगत. "खरं तर तेव्हाच तिच्याकडे बघावं लागते. दूध देत नाही म्हणून ढेपेचा खुराक बंद केला, की पुढचं वेत गेलंच समज."

संघाचेही तसेच, असे त्यांचे ठाम मत होते. सामने चालू असताना फक्त दूध काढायचे. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कुठली जागा कच्ची आहे, हे ठरवायचे ते भाकड महिन्यांत.

बाबा नोकरीसाठी या हिंदी बोलणाऱ्या शहरात आले आणि इथल्या मोठ्या कारखान्यात टर्बाइनच्या विभागात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर ते कारखान्याजवळच्या इंद्रपुरीतच राहिले, कारण कारखान्याचा भोंगा ऐकू आला नाही तर त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. माझा मोठा भाऊ, दादा, नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. लग्न त्याने केले नाही. एका उन्हाळ्यात आई-बाबा त्याच्याकडे राहून आले. आईला तिथली झाडे आवडली, बाबांना बेसबॉल. परत आल्यावर आई झाडे विसरली, बाबा बेसबॉल विसरले नाहीत. तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. एप्रिल लागला की दादाच्या शहरातल्या संघाचे सामने बघायला बाबा चहा घेऊन गॅलरीत टॅबसमोर बसत. शेजारचे काका कठड्यावरून डोकावत.

"भाईसाब, ये कौन-सा क्रिकेट है? बॅट तो पूरा बेलन है."

"क्रिकेट ही है," बाबा मान न वळवता म्हणत. "बस, इसमें चाय की छुट्टी नहीं होती."

दादाचा फोन रविवारी सकाळी येई. हंगामात तो लवकर संपे. सामना दोघांनीही पाहिलेला असायचा, बोलायचे काय? भाकड महिन्यांत मात्र तो लांबत जाई. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "झाल्या का तुमच्या भाकडकथा? पोहे गार झाले." आई गेली, तरी तो शब्द राहिला. दादा फोन लागताच विचारायचा, "बोला बाबा, आजची भाकडकथा काय?"

मी त्या बोलण्यात नसे. मला खेळांचे कधीच वेड नव्हते. मी कोलार रोडवर राहते, कॉलेजात शिकवते, आणि रविवारी बाबांकडे येऊन एका कोपऱ्यात वाचत बसते. पण कान उघडे असत. दादाला दरवर्षी एखादा मोठा फटकेबाज हवा असायचा. बाबांना तो नको असायचा.

"मोठं नाव आणल्याने कारखान्यातलं शॉप चालत नाही," ते म्हणत. "शेवटच्या तासात मशीन कोण सांभाळतो ते पाय. तुमच्याकडे शेवटी टाकायला एक धड डावखुरा पिचर नाही. तो आणा. दुसरा एक असा माणूस आणा, ज्याचं नाव कोणाला माहीत नाही, पण तीन जागी उभा राहू शकते. एखादा आजारी पडला की मग रडावं लागत नाही. आणि कॅचरला हात लावू नका."

भांडण या कॅचरवरून होते. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा; कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा. प्रत्येक चेंडूला बसायचे, प्रत्येक चेंडूनंतर उठायचे. या संघाचा कॅचर म्हातारा झाला होता, म्हणजे त्या खेळाच्या हिशेबाने. त्याची मुदत संपली होती. क्लब त्याला आणखी एक वर्ष ठेवणार की निरोप देणार, हे थंडीत ठरायचे होते.

"सोडा हो त्याला, बाबा," दादा शेवटच्या रविवारी म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "गुडघे गेलेत त्याचे. नवीन पोरगा तयार आहे."

"पोरगा बॉल पकडायला तयार आहे. पिचर घाबरला की त्याच्याजवळ चालत जाऊन काय बोलायचं, ते त्याला कोण शिकवणार?"

"तुम्ही म्हाताऱ्यांची युनियन चालवता."

"आणि तू पहिल्यापासून मॅनेजमेंटचा माणूस."

दोघे हसले. पुढच्या रविवारी बोलू, असे म्हणून फोन ठेवला गेला.

त्या आठवड्यातच दादा गेला. ऑफिसातून आला, आपल्या इमारतीच्या जिन्यात बसला, आणि उठला नाही. हृदय. बाबांची प्रकृती प्रवासाची नव्हती आणि त्यांना एकटे सोडून मी जाऊ शकत नव्हते. त्याच्या मित्रांनी सगळे केले आणि आम्हाला फोनवर दाखवले. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता. कधी छत दिसे, कधी कोणाचे बूट. बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सरळ धर म्हणावं त्याला." एवढेच.

पुढच्या रविवारी मी लवकर आले. बाबा आंघोळ करून, स्वेटर घालून खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर. फोन वाजायची वेळ आली, गेली. मी पोहे केले. ते तसेच राहिले. त्यानंतरच्या रविवारीही असेच झाले. बोलणे नाही, जेवण नावापुरते. कामाला येणारी बाई मला हळूच म्हणाली, "दीदी, अंकल तो दीवार से भी बात नहीं करते. पहले टॅब को तो डाँटते थे."

मग एका रविवारी, मी वाचत असताना, ते एकदम म्हणाले, "त्याला सोडायला पाहिजे."

मी पुस्तक मिटले. "कोणाला, बाबा?"

"कॅचरला. गुडघे गेले त्याचे."

ते बोलले याचाच मला इतका आनंद झाला की मी घाईने म्हणाले, "हो, बरोबर आहे तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय 'हो'? माहीत काय आहे तुला? हो-ला-हो लावायला मले माणूस नको."

घरी जाताना मला उमगले की त्यांना काय हवे होते. मला ते करता येण्यासारखे होते, कारण वाचून शिकणे हेच काय ते मला येते. त्या आठवड्यात मी परीक्षेला बसल्यासारखा तो खेळ वाचला. जुने सामने पाहिले. आधी नुसता गोंधळ दिसला, मग हळूहळू तो म्हातारा कॅचर दिसू लागला. पुढच्या रविवारी पोह्यांची बशी त्यांच्यासमोर ठेवून मी म्हणाले, "त्याला सोडणं मूर्खपणा आहे."

बाबांनी चमचा उचलला. "काहून?"

"नवीन मुलगा चेंडू पकडेल. पण पिचर घाबरला की काय बोलायचं, हे त्याला कोण शिकवणार?"

वाक्य त्यांचेच होते. त्यांनी ते ओळखले असणार, पण काही दाखवले नाही. "दोन महिने खेळेल आणि मग बसेल बाकावर," ते म्हणाले. "ती जागा अडते. तरुण पोरगा सडतो तोवर." हे दादाचे वाक्य होते. तोंडात घास असताना ते बोलत होते. त्या दिवशी बशी रिकामी झाली.

असे आमचे भाकड महिने चालू झाले. डावखुऱ्या पिचरबद्दल आमचे एकमत होते, म्हणून तो विषय आम्ही लवकर संपवत असू. फटकेबाज घ्यावा असे बाबा आता म्हणू लागले होते, आणि तो नको असे मी. चुका मी पुष्कळ केल्या. एकदा तर मी तिसऱ्या बेसवरच्या माणसाला, जिथे डावखुरा कधीच उभा करत नाहीत, डावखुरा करून टाकले आणि बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. तो खोकला थांबेना. जिना चढताना ते मध्येच थांबतात, हेही तेव्हा माझ्या लक्षात आले.

अरेरा कॉलोनीतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले. "अंकल, वाल्व सिकुड़ गया है. बदलवाना पड़ेगा. इस उम्र में रिस्क है, मैं छुपाऊँगा नहीं. पर ऐसे ही छोड़ दिया तो बारिश तक भी कह नहीं सकते."

"सोचेंगे," बाबा म्हणाले. रिक्षात बसल्यावर त्यांनी मफलर नीट केला. "झालं विचार करून. नाही करायचं."

मी आठवडाभर समजावले, चिडले, रडलेही. ते खिडकीबाहेर बघत. त्यांना जगायचे नव्हते, असे मला वाटत नाही. पण जगण्यासाठी काही खटपट करायची त्यांची तयारी नव्हती. रविवार आला. गॅलरीत ऊन होते. नागपूरहून आलेली संत्री ते सोलत बसले होते.

"कॅचरने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं तर?" मी विचारले.

"तू कॅचरबद्दल बोलून राहिली का माझ्याबद्दल?"

"दोघांबद्दल."

"मग एकेकाचं बोल. गर्दी नको करू."

"बरं. पैज लावा. क्लबने त्याला आणखी एक वर्ष ठेवलं, तर तुम्ही ऑपरेशन करून घ्यायचं."

"आणि सोडला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"तू काढशील."

"नाही काढणार. शपथ."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी तळहातावर काढली. "ठीक आहे. हरशील. म्हाताऱ्याला कोणी ठेवत नसते."

मला राहवले नाही. "पण बाबा, तुम्हीच तर त्याला ठेवा म्हणत होतात. इतकी वर्षं."

"ती बाजू आता तू घेतली ना." ते बिया एकत्र करत होते. "मग दादाची कोण घेईल?"

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

जानेवारीत, मी कॉलेजला निघत असताना, बाबांचा फोन आला. सोमवार की मंगळवार होता. "ठेवला."

"काय?"

"ठेवला त्याला. एक वर्षासाठी. मूर्ख लोक आहेत." मग म्हणाले, "डॉक्टरला फोन कर. शब्द म्हणजे शब्द."

संध्याकाळी मी जिलबी घेऊन गेले. त्यांनी एक तुकडा खाल्ला. "दादाला सांगायला पाहिजे, हरला म्हणून," ते बोलून गेले, आणि मग त्यांनी जिलबीचा पुडा बांधून ठेवला.

फेब्रुवारीत ऑपरेशन झाले. आत नेताना चाकाच्या खाटेवरून त्यांनी माझा हात धरला. निरोपाचे काहीतरी बोलतील म्हणून मी वाकले. ते म्हणाले, "डावखुरा अजून घेतला नाही यांनी. लक्ष ठेव."

ऑपरेशन ठीक झाले. नवीन झडप चांगली चालत होती, ती मी स्वतः पडद्यावर पाहिली. मग छातीत कफ भरला, ताप चढला, आणि तो कशानेच उतरला नाही. मार्च लागता लागता बाबा गेले. डॉक्टर बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, ऑपरेशनशिवायही फार दिवस नव्हते. त्यांनी ते दयेने म्हटले की खरे होते म्हणून, मला माहीत नाही. मी विचारले नाही. पैज मी जिंकले होते.

तेराव्याला शेजारचे काका आले. जेवून हात धुतल्यावर गॅलरीत त्या खुर्चीपाशी उभे राहिले. "बिटिया, अब वो बेलनवाला क्रिकेट कौन देखेगा?" विचारून ते निघाले, उत्तरासाठी थांबले नाहीत.

महिना संपताना तिकडे नवा हंगाम सुरू झाला. मी आदल्या दिवशीच इंद्रपुरीला येऊन राहिले होते. भोंगा झाला. चहा केला, सवयीने दोन कप, आणि टॅब गॅलरीतल्या स्टुलावर ठेवून मी जमिनीवर बसले. म्हातारा कॅचर मैदानात आला तेव्हा लोक उभे राहिले. तो बसला, उठला. बसला, उठला. निम्म्या सामन्यानंतर उठताना तो हात टेकू लागला. एकदा चेंडू त्याच्या बाजूने मागे निसटला आणि वळायला त्याला वेळ लागला. डावखुरा पिचर नव्हताच. शेवटी त्यांनी एका तरुण उजव्या पिचरला आणले. तो टोपी सारखी काढून पुन्हा घालत होता. तेव्हा कॅचर उठला आणि सावकाश चालत त्याच्याजवळ गेला. तोंडापुढे हातमोजा धरून त्याने काहीतरी सांगितले. काय, ते कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून तर मोजा धरतात. मुलाने मान हलवली. मग पुढच्याच चेंडूवर सामना हातचा गेला.

मी टॅब बंद केला. दुसरा कप तसाच होता, वर साय धरली होती.

"सोडायला पाहिजे होता त्याला," मी मोठ्याने म्हणाले.

घरात कोणी 'नाही' म्हणाले नाही.