पाठीवरची माती

आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे. घरात ताक उरलं की सूनबाई ते पाण्यात पातळ करून त्या झाडाच्या मुळाशी ओतते. परवा दुपारी मी तिथेच खुर्ची टाकून पेपर चाळत बसलो होतो. उन्हानं तापलेल्या मातीवर ताक पडलं, जरा फसफसलं, आणि एक आंबूस, ओला, उबदार वास वर आला. पेपर गुडघ्यावर तसाच राहिला. चिंचवडमधल्या या चौथ्या मजल्यावर बसल्या जागी मला आमच्या गावची तालीम दिसू लागली. पत्र्याचं ठेंगणं छप्पर, एका कोनाड्यात शेंदूर माखलेला मारुती, आणि मधल्या हौद्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस पिऊन मऊ झालेली तांबडी माती. त्या मातीत पहाटेपासून घुमणारा एक माणूस दिसला. तो माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणत असे. बाकी सगळा मुलूख त्याला पैलवान म्हणे.

आमचं गाव चाकणच्या अलीकडचं, इंद्रायणीच्या अंगाचं. ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली. पिंपरीकडे तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उठू लागल्या होत्या, सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं तिथल्या छावणीत संसार मांडत होती. आज जिथे ट्रकांच्या रांगा लागतात तिथे ज्वारी डुलायची. पुनावळ्याहून चऱ्होलीला जायचं म्हणजे माणूस भाकरी बांधून निघायचा. त्या काळात आमच्या भागात मोठेपणाची मापं फार थोडी होती, आणि त्यातलं एक माप दादाच्या खांद्याएवढं होतं. नारळावरच्या कुस्तीपासून त्यानं सुरुवात केली. मग फेटे आले, चांदीचं कडं आलं, आणि पुढे जिल्ह्याच्या मैदानात लागोपाठ तीन वर्षं त्यानं गदा मारली. तिन्ही गदा आईनं देव्हाऱ्याशेजारी उभ्या केल्या होत्या. रोज देवांबरोबर त्यांनाही कुंकू लागे. अकरा वर्षं दादाची पाठ मातीला लागली नव्हती. ‘पाठ न लागलेला गडी’ ही त्याची ओळख नावाच्याही आधी सांगितली जाई.

मी अंगानं काडीपैलवान. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल हातात धरली ती मी, आणि ती धरायला लावली दादानं. वडील गेल्यावर भावकीनं ‘धाकट्याला गुरांमागं लाव’ म्हणून सांगितलं होतं. दादा त्यांना म्हणाला, “गुरं मी बघतो. ह्यो शाळंत जाईल.” तो रोज आपल्या खुराकातलं पेलाभर दूध माझ्यापुढे सरकवी आणि म्हणे, “पी. डोक्याचं काम बी कामच हाय.” पुढे मी पुण्यात राहून बी. ए. झालो. निकालाच्या दिवशी त्यानं मला तालमीत नेलं आणि मारुतीपुढे उभं करून सगळ्या पठ्ठ्यांना सांगितलं, “ही आमच्या घरातली चौथी गदा.” मी चौथी गदा झालो होतो खरा; पण गदा पेलायला जे लागतं ते माझ्या अंगी अजून यायचं होतं.

पुढच्या चैत्रात नदीपलीकडच्या एका गावच्या यात्रेतली शेवटची, म्हणजे मानाची कुस्ती दादाची ठरली. जोड होता दक्षिणेकडून आलेला एक तरणा मल्ल. वय बावीस असेल. दादा छत्तिशीला टेकला होता. डावा गुडघा थंडीत कुरकुरायचा, कान तर केव्हाच चुरगळून गाठी झाले होते. यात्रेच्या आठ दिवस आधी त्या गावची दोन पंच मंडळी घरी आली. दादा मळ्यात होता. त्यांनी पाणी घेतलं, माझ्या बी. ए.ची चौकशी केली, मला ‘मास्तर’ म्हणाले. मग त्यातले थोरले हळूच म्हणाले, “पैलवान म्हंजे आपल्या भागाची अब्रू. पण पोरगं लई तापट हाय, मास्तर. उगं अकरा वर्सांचं नाव मातीत जायला नको. आमी वीस मिंटं खेळवतो, मग मदी पडून सोडवतो. बरोबरीत. दोघांलाबी फेटा. पैलवानाला सांगायला जाऊ नका, तो ऐकायचा न्हाई. तुमी शिकलेले, तुमीच शब्द द्या.”

आमच्याकडे बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीला कोणी नावं ठेवत नसे. दोघेही थकले, डाव लागेना, तर पंचांनी हात धरून सोडवणं ही रीतच होती. मला वाटलं, यात खोटं ते काय? दादाचं नाव राहील, गुडघा राहील, आणि तो मानानं लंगोट खुंटीला अडकवील. मी शब्द दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी मोठ्या माणसासारखं विचारलं होतं; त्या सुखातच तो शब्द माझ्या तोंडून सुटला असावा.

यात्रेच्या दिवशी माणूस माणसाला चिकटून बसला होता. उन्हं कलली, हलगी कडकडली आणि दोघे मातीत उतरले. त्यांनी वाकून माती उचलली, एकमेकांच्या अंगावर टाकली, हाताला हात भिडले. ती झुंज लिहून दाखवणं माझ्या लेखणीच्या आवाक्यातलं नाही. पोरगं विजेसारखं होतं. दादा जुन्या वडासारखा. ते येऊन आदळे, दादा मुळं रोवून उभा राही. दोनदा पोरानं पायात शिरून पट काढला, दोनदा दादा त्याच्या पकडीतून निसटला. वीस मिनिटं झाली असतील. दादाचा श्वास मला कडेपर्यंत ऐकू येत होता. तेवढ्यात थोरले पंच हौद्यात उतरले आणि दोघांच्या मध्ये हात घालून म्हणाले, “बास. बरोबरी.”

दादानं त्यांचा हात बाजूला केला. “का वं? मी दमलो म्हनालो का हा म्हनाला?”

“पैलवान, ठरलंय ते. फेटा बांधून घ्या.”

“कुनासंगं ठरलंय?”

पंचांनी माझ्याकडे बोट केलं. “तुमच्या धाकट्यानं शब्द दिलाय.”

हलगी थांबली होती. दादानं माझ्याकडे पाहिलं. घामानं आणि मातीनं माखलेला तो चेहरा, आणि त्यात दोन स्वच्छ डोळे. “व्हय रं?” एवढंच त्यानं विचारलं. मी मान खाली घातली. हजारो माणसांत मान खाली घालणारा त्या दिवशी मी एकटाच होतो.

मग तो पंचांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “शब्द त्यानं दिला आसंल. पाठ माझी हाय. तिचा करार दुसऱ्या कुनाला करता येत न्हाई.” आणि त्या पोराला म्हणाला, “खेळ रं. हात आखडू नको. आखडलास तर हितंच कानफटात देईन.”

पोरगं हसलं. लोकही हसले. कोणीतरी ओरडलं, “आरं लावा की! आमी काय फेटं बघाया आलोय?” हलगी पुन्हा सुरू झाली.

चार-पाच मिनिटांत ते घडलं. दादा ढाक डाव मारायला गेला, डाव्या गुडघ्यानं दगा दिला, आणि पोरगं त्याच्या काखेखाली शिरलं. कलाजंग डाव. दादाचं ते अवाढव्य शरीर क्षणभर आभाळाला टेकल्यासारखं वर दिसलं आणि मग खाली आलं. दोन्ही खांदे, सबंध पाठ. चितपट.

हरलेला मल्ल लगेच उठतो, कोणाच्या तरी पंच्यानं पाठ पुसून घेतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. मीही पंचा घेऊन पुढे धावलो. दादानं तो घेतला नाही. त्यानं आधी त्या पोराचा हात वर धरला. मग, जिंकलेला गडी जशी मैदानाला फेरी मारतो तशी, स्वतः फेरी मारली. सावकाश, दर चार पावलांवर थांबून, लोकांकडे पाठ करून. त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत तांबडी माती थापली होती. “बघा,” तो म्हणत होता, “नीट बघून घ्या. लागली हाय. कुनी उद्या बरोबरी झाली म्हनलं तर सांगा.” पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून हवेत उडवलं. मग जे झालं तो गजर मी जिंकलेल्या कुस्तीलाही कधी ऐकला नव्हता.

घरापर्यंतची वाट दोन कोसांची. तो पुढे उघड्या अंगानं चालत होता, मी मागे. सगळी वाट माझ्यापुढे ती पाठ होती. वाटेतल्या फाट्यावर सायकल दुरुस्तीवाले चाचा त्याचे जुने दोस्त. त्यांनी पाहिलं आणि हटकलं, “क्या पैलवान, पीठ दुखती क्या?”

“दुखती ना. या चोळायला.”

चाचांनी खरंच तेलाच्या बाटलीला हात घातला तेव्हा दादा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, चाचा. लोकांनी अकरा वर्सं माझी छाती बघितली. आज पाठ बघू द्या.”

नदीच्या उतारावर मला राहवलं नाही. म्हणालो, “दादा, चुकलो मी.” तो पाण्यात पाय सोडून बसला. गुडघ्यावर पाणी मारत बोलला. “त्यांनी तुला का इचारलं, ठावं हाय? मी न्हाई म्हनालो आसतो, म्हनून. शिकल्याल्या मानसाकडं लोक आसंच येत्याल. गोड बोलत्याल. तवा आदी बघावं, कुनाला वगळून आपल्याला इचारत्यात.” कॉलेजात मी चार वर्षं काढली, चांगले प्राध्यापक लाभले, त्यांचं ऋण मी मानतो. पण पुढे सरकारी नोकरीत ज्या एका वाक्यानं मला अनेकदा सावरलं, ते त्या काठावरचं आहे.

त्यानं लंगोट खुंटीला अडकवला नाही. आणखी तीन वर्षं खेळला. काही मारल्या, काही हरला. पाहुण्यांना जिंकलेल्या आणि हरलेल्या कुस्त्या तो एकाच आवाजात सांगे. गुडघा पार गेल्यावर पिंपरीच्या एका कारखान्याच्या दारावर रखवालदार झाला. तिथेही वरच्या साहेबाच्या गाडीची झडती घेतल्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ली, आणि तिसऱ्यांदा पुन्हा घेतली.

आता तो नाही. गावही ओळखू येत नाही. शेतांवर इमारती उभ्या आहेत आणि त्यात राहणाऱ्यांना खालच्या मातीचा रंग ठाऊक नाही. तालमीच्या जागी व्यायामशाळा झाली, तिच्या दर्शनी भिंतीवर दादाच्या नावाचा संगमरवरी फलक बसवायचा आहे. गेल्या महिन्यात गावची चार तरुण मंडळी मजकूर घ्यायला माझ्याकडे आली होती. चांगली, आदबशीर पोरं. त्यांनी आणलेल्या कच्च्या मसुद्यात पहिलाच शब्द होता, ‘अजिंक्य’.

मी तो खोडला. तीन गदा लिहिल्या, अकरा वर्षं लिहिली, आणि त्याखाली लिहिलं, ‘अमुक गावच्या यात्रेत बावीस वर्षांच्या मल्लाकडून चितपट झाले.’ गावाचं नाव घातलं, डावाचंही घातलं.

“सर, हरलेलं कोण कोरतं राव दगडावर?” एक जण म्हणाला. “एवढी वर्षं झाली, कुणाला आठवतंय? तुम्ही फक्त हो म्हणा.”

त्यांचं प्रेम मला कळत होतं. काळ असाच प्रेमानं माणसाला गुळगुळीत करत नेतो. आधी त्याचे चुरगळलेले कान सरळ करतो, मग गुडघा बरा करतो, आणि शेवटी पाठही पुसून टाकतो. मागे राहतो तो कोणाचाही पुतळा होऊ शकेल असा एक माणूस. मी कागद त्यांच्या हाती दिला आणि म्हणालो, कोरायचं तर सगळं कोरा, नाहीतर दगड कोरा राहू द्या. त्याच्या वतीनं मी एकदा हो म्हणून बसलो होतो. आता म्हणणार नाही.