तेवढाच शेक

नांदेडचं मशीन बंद पडलं आणि आमचे उरलेले शेक लातूरला घ्यायचं ठरलं. कातडीच्या कॅन्सरवर किरणं देतात, त्याला आम्ही पेशंट शेकच म्हणायचो. माझा कपाळावर, माझ्यासोबत रोज एसटीने येणाऱ्या काकांचा डाव्या गालावर. अर्धापूरकडचे, केळीची बाग असलेले म्हातारे. नाव मी विचारलं नाही. गालाला ऊन लागू नये म्हणून एसटीत ते उजवीकडचीच खिडकी धरायचे. घाम आला तरी गाल पुसायचे नाहीत, डॉक्टरांनी काढलेली निळी खूण जाईल म्हणून.

लातूरला आत जाण्याआधी ते मशीनवरच्या मॅडमना रोज एकच विचारायचे, "बाई, नांदेडला देत होते तेवढाच हाय ना?"

"तेवढाच, काका. दोन्ही मशीनं मापून जुळवलीत."

"हाव," म्हणत ते आत जायचे. मॅडम कधी कंटाळल्या नाहीत, कंटाळायचो मी. म्हाताऱ्याचा कुणावर विश्वासच नाही, असं वाटायचं.

शेवटच्या दिवशी मात्र ते काही न विचारताच आत गेले. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "काका, आज विचारलं नाही? पटलं वाटतं शेवटी."

ते म्हणाले, "बाई खोटं कशाला बोलंल? पर आज कमी भरला म्हणली आसती, तर परत यायची ताकद न्हाई राहिली बघा."

मी तर पहिल्या दिवसापासूनच विचारलं नव्हतं.