कड राहिलेली टोपली

शांतारामदादांच्या हातात काहीही आलं की ते आधी वाकवून बघत. चहाचा चमचा, कोथिंबिरीची काडी, एकदा तर माझ्या चष्म्याची दांडी. ती मोडली नाही हे माझं नशीब. वर मलाच म्हणाले, "कितपत वाकतंय ता बघायला नको?"

इथे कुवेतमध्ये, अहमदीतल्या आमच्या जुन्या कंपनी-घरांच्या बागा सांभाळायला ते अब्बासियाहून बसने येत. मूळचे राजापूरकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या बुरुडकाम. टोपल्या मीही विणते, पण माझ्या कामाला 'फायबर आर्ट' म्हणतात. त्यांनी छाटलेल्या खजुराच्या फांद्या मागायला गेले तेव्हा माझी एक टोपली त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली.

"बाय, ह्यात काय ठेवायचं?"

"काही नाही."

"मग बरी हाय."

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून कमरेएवढी टोपली विणली. उभ्या काड्या खजुराच्या, चिरलेल्या. आडव्या निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, खोक्यांना बांधतात त्या. शेवटी कड तेवढी राहिली. काड्यांची टोकं भिजवून, वाकवून आत खोचायची. पण ती मोकळी उभी टोकं मला फार आवडली. राहू दे अशीच, मी म्हटलं.

"नको बाय. कड नाय घातली तर वीण सुटते. आणि माझा हात लागलाय तिला."

मी ऐकलं नाही.

प्रदर्शनाला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. टोपलीपाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "अभी काम बाकी है." लोकांना ते भलतंच आवडलं. एका बाईंनी वहीत उतरवून घेतलं. दादांना लाज वाटत होती हे मला दिसत होतं, तरी मी सगळ्यांबरोबर हसले.

शुक्रवारी येऊन कड घालतो, म्हणाले. तेवढ्यात टोपलीला दुसऱ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, मग तिसऱ्याचं. झाडांना पाणी घालता घालता ते विचारायचे, "आली काय ती?"

मे महिन्यात ते खोलीवर झोपेतच गेले. कागदपत्रांत चार दिवस गेले. पेटी विमानतळाकडे निघाली तेव्हा मी त्यांच्या खोलीतल्या माणसांबरोबर उभी होते. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. घरी येऊन भात लावला.

टोपली जूनमध्ये परत आली. वरच्या दोन ओळी सुटून टोकांपर्यंत सरकल्या होत्या, ते म्हणाले होते तशाच. मी टोकांना दोन दिवस ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. मग पहिली काडी वाकवली. मोडली. दुसरीही मोडली. त्यानंतर हात लावला नाही.

आता ती आमच्या हॉलमध्ये असते. येणारे-जाणारे तिच्यापाशी थांबतात, वाखाणतात. मी सांगते, अजून काम बाकी आहे.

ते हसतात.