दादाने घेऊ न दिलेली वॉरंटी

दादा गेल्याचा फोन वहिनीने केला तेव्हा मी साडीला लेस लावत होते. हातातली साडी पूर्ण केली आणि मगच उठले. त्याला आता पाच आठवडे झाले. भावाबद्दल दोन चांगले शब्द लिही, असं सगळे म्हणतात... मला जे आठवतं ते लिहिते आहे.

भास्करदादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. धुळ्याकडून आम्ही सुरतेला, लिंबायतमध्ये आलो आणि तो एका कापड कारखान्यात लूम दुरुस्त करायला लागला. त्यात तो हुशार होता, हे मी नाकारणार नाही. पण लूम कळतो म्हणजे जगातलं सगळं कळतं, अशी त्याची खात्री झाली. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, माझा मिक्सर, माझं लग्न... सगळ्यांत त्याने हात घातला, आणि बिघडलं की दोष दुसऱ्याचा.

आई माझ्याकडे राहते. तिला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा ते थंड ठेवायला मी माझ्या कमाईतून फ्रीज घ्यायला निघाले. दादा न बोलावता दुकानात आला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की एका वर्षाची वॉरंटी आणखी तीन वर्षं वाढवून मिळते. मला ती हवी होती. आत आईचं औषध राहणार, बंद पडला तर मी कुणाकडे धावू? मी सहीसाठी पेन उचललं आणि दादाने फॉर्म ओढून घेतला. "मी काय मरी गऊ का?" तो घरच्या अहिराणीत ओरडला. मग त्या मुलीकडे वळून हिंदीत, "ये सब लूटने का धंधा है." दुकानातली माणसं बघायला लागली. मी पेन खाली ठेवलं. ते ठेवल्याचा राग मला अजून आहे, आणि तो दादापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

वर्षाची वॉरंटी संपल्यावर, दुसऱ्या मे महिन्यात फ्रीज थंड करेना. मी मेकॅनिक बोलावणार, तोवर दादा पान्यांची पिशवी घेऊन हजर. आत साचलेला बर्फ त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडला. फस्स असा आवाज झाला आणि गॅस निघून गेला. "उद्या चालू करतो," तो म्हणाला. आईचं औषध शेजारणीकडे ठेवते म्हटलं तर चिडला. "माझ्यावर भरोसा नाही?" त्याचा तो 'उद्या' आठवडाभर चालला, आणि मी ऐकत राहिले. आईची साखर इतकी वाढली की तिला भरती करावं लागलं. औषध उष्णतेने खराब झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. दादा भेटायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगत होता, "हिने फ्रीजचं दार उघडं ठेवलं."

आई वाचली. मी दादाशी बोलणं सोडलं. दोन वर्षांनी त्याची छाती पार कफाने भरली तेव्हा आईने हट्ट धरला म्हणून मी दवाखान्यात गेले.

"नवा फ्रीज घेतला म्हणे?"

"घेतला."

"वॉरंटी?"

"वाढवून घेतली."

"येडी शे तू."

"आई तुझ्यामुळे दवाखान्यात पडली होती, दादा."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. वहिनीने माझा दंड धरून मला बाहेर नेलं. तेच आमचं शेवटचं बोलणं. आजारी माणसाला असं बोलतात का, असं वहिनी अजून म्हणते... मला मात्र पश्चात्ताप झालेला नाही.

मागच्या आठवड्यात नवा फ्रीज आवाज करायला लागला. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस आला. गरीब, कमी बोलणारा. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. "आधी प्लग काढा. तो स्क्रू नाही, खालचा. असं कुणी उघडतं का?" त्याने पिशवीतून पाना काढला. खाटेवरून आई म्हणाली, "त्याले काम करू दे. तू अशी उभी राहिलीस की भास्करच दिसस."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी पुन्हा आत गेले आणि त्या माणसाच्या हातातून पाना काढून घेतला.