लाकडी पुलाच्या अलीकडे

कोमट तुपाचा वास आधी येतो. मग ते तूप तळपायावर पसरते, त्यावर काशाची वाटी गोल गोल फिरू लागते, आणि त्या स्निग्ध वासात हळूहळू धातूचा किंचित आंबूस गंध मिसळत जातो. जूनमधल्या संध्याकाळी पाचलाच अंधारून येते, स्कोफिल्ड्समधल्या आमच्या गल्लीतल्या एकसारख्या विटकरी घरांच्या खिडक्या एकामागून एक उजळतात, कुणाच्या तरी धुराड्यातून जळत्या निलगिरीच्या लाकडाचा धूर दरवळत येतो, आणि जेवणे आटोपल्यावर माझी पत्नी मंजिरी हीटरसमोर बसून माझे तळपाय मांडीवर घेते. घटकाभराने तूप काळपट होऊ लागते. ती वाटी उलटी करून दाखवते आणि म्हणते, "बघ, किती काळं आलं! केवढा दमतोस रे तू या थंडीत." मी डोळे मिटून घेत असे. तिला ते सुखाने मिटलेले वाटत. ते लाजेने मिटलेले असत, हे सांगायला मला दोन हिवाळे लागले.

दक्षिण गोलार्धातल्या या देशात ऋतू उलटे असतात, हे नव्याने आलेल्यांना सांगावे लागते; आमच्या अंगात मात्र ते आता मुरले आहे. ज्येष्ठ-आषाढात इथे थंडी पडते, आणि मे महिना उजाडला की मी गॅरेजमध्ये सायकल उलटी करून ठेवतो. साखळी रॉकेलने धुऊन तिला दाट तेल द्यायचे, ब्रेकची झिजलेली रबरे बदलायची, चाकांवर मडगार्ड चढवायचे, पुढचे-मागचे दिवे चार्ज करून त्यांचे पट्टे तपासायचे. लोकरीचे पातळ आतले कपडे, वारा अडवणारे जाकीट, अंधारात उठून दिसणारी पिवळी बंडी आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या यांची एका फळीवर मांडणी करायची. व्यवसायाने मी यंत्र-अभियंता. वस्तू आपापल्या जागी बसल्याचा जो बारीक आवाज असतो, त्यात मला पूजेची उपकरणी मांडल्याचे समाधान मिळते. तयारीला दोष देता येणार नाही. ती दर वर्षी निर्मळच असे. खोट तिच्या पुढे सुरू होत असे.

चार वर्षांपूर्वी, पन्नाशी ओलांडल्यावर, रक्तातल्या साखरेने मला पहिल्यांदा भानावर आणले. तेव्हापासून पॅरामॅटातल्या कार्यालयात मी सायकलने जाऊ लागलो. सव्वा तासाची वाट; बरीचशी ओढ्याकाठच्या झाडीतून. मंजिरी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. तिने माझ्या या उपक्रमाला एखाद्या व्रतासारखे उचलून धरले. फ्रीजवर हिवाळ्याचा तक्ता लागला. सायकल नसेल त्या दिवशी बारा सूर्यनमस्कार, शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये बॅडमिंटन, रविवारी तळ्याभोवती चालणे, गुडघ्यांसाठी भिंतीला पाठ टेकून बसण्याचा तो कंटाळवाणा व्यायाम. ड्यूटी साडेआठची असूनही पहाटे पाचला उठून ती माझे हातमोजे इस्त्रीच्या तळाशी धरून गरम करीत असे, आणि आल्याचा उकाळा भरलेला थर्मास पिशवीत ठेवीत असे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला ती चारचौघींना सांगे, "हे कडाक्याच्या थंडीतसुद्धा सायकल सोडत नाहीत." मी शेजारी उभा राहून तिळाची वडी मोडीत असे आणि नम्रतेने हसत असे.

वाटेवर एक लाकडी पूल आहे. उन्हाळ्यात त्याच्या फळ्या उन्हाने तापून राळेसारख्या दरवळतात. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, एका निरभ्र पहाटे, त्या फळ्यांवर दहिवर गोठून बसले होते. दिव्याच्या झोतात ते साखर पेरल्यासारखे चमकत होते, आणि ते सुंदर आहे एवढेच माझ्या मनात आले. पुढच्या क्षणी चाक अंगाखालून निघून गेले. मी कठड्यावर आदळलो. छातीखाली काळे पाणी होते आणि कानात दूरवरच्या मॅगपाय पक्ष्याची ती घशातल्या घशात केलेली शीळ. कुत्र्याला फिरवायला निघालेला एक म्हातारा थांबला. "यू राइट, मेट?" मी उठलो, मनगट पाठीमागे लपवले आणि म्हणालो, "नो वरीज." माझ्या आयुष्यातल्या अनेक असत्यांना इतके सोपे उच्चार लाभले नाहीत.

मनगट आठवड्याभरात बरे झाले. भीती मात्र जडली. पडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नेहमीप्रमाणे निघालो, गरम हातमोजे घातले, मंजिरीला हात केला, आणि ओढ्याकडे न वळता क्वेकर्स हिलच्या स्टेशनावर जाऊन सायकलीसकट ट्रेनमध्ये बसलो. आमच्या स्टेशनावर ओळखीचे लोक भेटतात, म्हणून पुढच्या. एकच दिवस, असे मी स्वतःला सांगितले होते. डबा उबदार होता, खिडकीच्या काचेवर माझी पिवळी बंडी दिसत होती, आणि थर्मासमधला उकाळा मी बाकावर आरामात बसून प्यालो. तो एक दिवस सप्टेंबरपर्यंत लांबला. उन्हे वर आली तेव्हा मी पुन्हा ओढ्याकाठी गेलो. पुढच्या वर्षी जून लागताच पुन्हा ट्रेन.

लाज वाटण्यासारखे बारकावे यापुढचे आहेत. संध्याकाळी क्वेकर्स हिलहून घरी येताना शेवटच्या चढावर मी मुद्दाम उभा राहून पॅडल मारीत असे, म्हणजे दारात दम लागलेला दिसावा. आमची मुलगी इरा युनिव्हर्सिटीत शिकते; तिने एकदा विचारले, "बाबा, तुझ्या राइड्स अॅपवर का दिसत नाहीत?" थंडीत फोनची बॅटरी टिकत नाही, असे मी तिला गंभीर चेहऱ्याने समजावले. "फेअर इनफ. यू आर अ लेजंड," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेली. भीती वाटणे हा अपराध नव्हे, हे मला तेव्हाही कळत होते. पण घरात ज्याची थोरवी गायली जात होती त्याला भित्रा म्हणून उतरवून ठेवणे मला जमेना. आणि मग दररोज संध्याकाळी, ट्रेनच्या बाकावर विसावलेले हे पाय मी तिच्या मांडीवर देत राहिलो.

काशाच्या वाटीने तळपाय घासले की अंगातली उष्णता आणि शिणवटा उतरतो, आणि तो तुपात काळा होऊन दिसतो, असे आमच्याकडे मानतात. मंजिरीच्या आईने लग्नात दिलेली ती वाटी दोन देश फिरून इथे आली आहे. तुपाशी काशातले तांबे घासले जाते आणि काळे पडते, एवढे धातुशास्त्र मला येते. दिवसभर खुर्चीत बसलेल्याच्या पायालाही ते काळे येईल. पण तो काळेपणा माझ्या बाजूने साक्ष देत होता. खोट्या साक्षीदाराला कोण हटकतो?

या वर्षी मे महिन्यात गॅरेजमध्ये माझ्या सायकलीशेजारी दुसरी सायकल येऊन उभी राहिली. मंजिरीने स्वतःसाठी घेतली होती. निळी, पुढे वेताची टोपली असलेली. शाळेनंतर तिने सायकल चालवली नव्हती. एप्रिलभर ती माझ्या नकळत बागेत जाऊन एका मैत्रिणीच्या सायकलीवर सराव करीत होती. "बुधवारी आणि शुक्रवारी मी तुझ्याबरोबर येणार," ती म्हणाली, "माझं हॉस्पिटल तुझ्या वाटेवरच आहे. इतकी वर्षं तुला एकट्याला अंधारात धाडलं, माझा जीव तिकडेच असायचा." तिने माझ्यासारखेच हातमोजे मागवले होते. मी तिच्या सायकलीला दिवे लावून दिले, बैठकीची उंची नीट केली. गुडघ्यावर बसून मी तिचा मागचा ब्रेक आवळत असताना तिने सहज विचारले, "तो लाकडी पूल थंडीत निसरडा होतो का रे?"

गॅरेजच्या दारातून उतरतीचे ऊन आत आले होते. पाना माझ्या हातात होता. मी वर न पाहता म्हणालो, "छे. काही नाही. सवयीचा आहे."

आजवरचे असत्य माझ्यापुरते होते, अशी मी समजूत करून घेतली होती. हे असत्य मी तिच्या चाकाखाली अंथरले. त्यानंतरचे दहा-बारा दिवस हवा ढगाळ राहिली, आणि ढगाळ पहाटेला दहिवर गोठत नाही, या एका आधारावर मी गप्प राहिलो. आकाशाने मला बोलण्याच्या कष्टातून सोडवावे, अशी माझी प्रार्थना होती.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी आकाश स्वच्छ होते. गल्लीतल्या गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. मी म्हणालो, "आज राहू दे का? फार गार आहे." ती हेल्मेटचा पट्टा लावीत हसली. "तू जातोस ना रोज? मग मी काय मिठाची बाहुली आहे?" ती पुढे निघाली. ओढ्याकाठच्या गवतावर पांढरी साय धरली होती. आमचे श्वास दिव्यांच्या झोतात वाफ होऊन मागे पडत होते, आणि तिची पाठ ताठ, थोडी अवघडलेली, पण आनंदी दिसत होती. तिने घंटी वाजवली, कुणीही समोर नसताना, केवळ वाजवावीशी वाटली म्हणून. मग वळण आले, आणि वळणापलीकडे पुलाच्या फळ्या चमकल्या.

"मंजू, थांब! थांब, पुलावर जाऊ नकोस!"

एवढ्या मोठ्याने मी तिला कधी हाक मारली नव्हती. तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थोडी तिरकी झाली, आणि पहिल्या फळीच्या हातभर अलीकडे तिने पाय टेकला. मी धावत गेलो. माझी सायकल मागे गवतात पडली होती आणि तिचे चाक अजून फिरत होते.

"काय झालं? साप आहे का?"

"या थंडीत साप कुठला," मी म्हणालो, आणि मग, थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही हे जाणून, सगळे सांगितले. पडणे, मनगट, क्वेकर्स हिल, शेवटचा चढ, फोनची बॅटरी. गॅरेजमधले उत्तरही. ती ऐकत होती. तिच्या हेल्मेटवरचा दिवा सरळ माझ्या डोळ्यांत येत होता, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. आणि खरे सांगायचे तर, तेवढी सोय मला हवीच होती.

मग ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी ट्रेनच्या पॅसेंजरचे पाय चोळले?"

मला हसू येईल असे वाटले, आले नाही. तिलाही आले नाही. तिने सायकलीवरून उतरून एक बूट फळीवर घासून पाहिला. तो काचेवरून सरकावा तसा सरकला. ती त्या जागेकडे पाहत राहिली. "पडणं राहू दे," ती म्हणाली, "घाबरलास तेही राहू दे. पण मी विचारलं होतं तुला. मी स्वतः विचारलं होतं." मग तिने सायकल हाताने धरून, एकेक पाऊल रोवत पूल ओलांडला. पलीकडे पोचल्यावर मागे वळून एवढेच म्हणाली, "तुला ट्रेनने जायचं असेल तर जा." मी तिच्या मागून गेलो. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत तिचा लाल दिवा माझ्यापुढे लुकलुकत राहिला, आणि ते अंतर कमी करण्याचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर घरात मोठे असे काही घडले नाही. इराला मीच सांगितले. ती म्हणाली, "दॅट्स सॅड, बाबा," आणि या दोन शब्दांनी मला कुठल्याही रागापेक्षा अधिक ओशाळे केले. फ्रीजवरचा तक्ता तसाच राहिला. मंजिरी बुधवारी आणि शुक्रवारी सायकलने जात राहिली. मीही जाऊ लागलो, रोज. पुलावर दोघेही उतरून चालत असू, एकामागे एक. हातमोजे आता मीच इस्त्रीवर गरम करतो, दोन्ही जोड्या. काशाची वाटी मात्र कपाटातून बाहेर आली नाही.

गेल्या रविवारी दुपारी मागच्या अंगणात ऊन पडले होते. हिवाळ्यातले ते पातळ, मधाळ ऊन, ज्यात कुंपणापलीकडच्या वॅटलच्या झाडाच्या कळ्या नुकत्या पिवळ्या होऊ पाहत होत्या. मंजिरी खुर्चीत बसून पुस्तक वाचत होती. मी तूप कोमट केले, वाटी घेतली आणि तिच्यासमोर पाटावर बसलो. तिने पुस्तकावरून पाहिले. मग उजव्या पायातला मोजा काढून पाय पुढे केला. टाच उललेली होती. इतक्या वर्षांत मी ती टाच पाहिलेली नव्हती. वाटी फिरू लागली. कशी फिरवायची हे मला नीट येत नव्हते, आणि तिने ते शिकवले नाही. काही वेळाने तूप काळवंडले.

"आलं काळं?" तिने पुस्तकातून वर न पाहता विचारले.

"आलं," मी म्हणालो. आणि आता लहानसेही असत्य मागे ठेवायचे नाही, म्हणून पुढे म्हणालो, "पण ते धातूचं असतं, मंजू. कुणाच्याही पायाला येतं."

"माहीत आहे मला. जन्म लॅबमध्ये गेलाय माझा."

माझा हात थांबला. "मग रोज म्हणायचीस ते? केवढा दमतोस म्हणून?"

तिने पान उलटले. "पाय मांडीवर घेऊन बसल्यावर माणसानं काहीतरी बोलावं ना," ती म्हणाली, "म्हणजे समोरचाही बोलतो कधी."

वाऱ्याची एक झुळूक वॅटलमधून गेली. त्या दोन हिवाळ्यांतल्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीत तिने ते एक वाक्य दारासारखे किलकिले करून ठेवले होते, आणि मी डोळे मिटून त्या दाराशी पडून होतो. ज्याला मी साक्ष समजलो तो प्रश्न होता. तिला तेव्हा काही जाणवले होते का, की तो केवळ जिव्हाळ्याचा एक परिपाठ होता, हे मी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार अजून माझ्याकडे परत आलेला नाही.

उजवा पाय मी पंच्याने पुसला. डाव्या पायात तिचा मोजा तसाच होता. तिने तो पुढे केला नाही, आणि मीही मागितला नाही. वाटी तळहातात धरून, तिची ऊब जाऊ न देता, उन्हात बसून राहिलो.