फुटक्या सामानाची शाळा

माणसाला धक्का द्यायला माझ्या थोरल्या मेहुण्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही. ते शांतपणे येतात, दोन शब्द बोलतात आणि समोरच्याची बोलती बंद करतात. मी हे लग्नाच्या आदल्या दिवसापासून सोसतो आहे. माझ्या हळदीला हे गृहस्थ, म्हणजे होणाऱ्या बायकोचे थोरले भाऊ, खिशात एक पुडी घेऊन आले आणि त्यातलं चिमूटभर काहीतरी माझ्या ओल्या दंडावर चोळलं. पिवळाधमक दंड बघता बघता लालभडक झाला. आईनं किंकाळी फोडली, मामा मुलीकडच्यांवर धावून गेले, कुणीतरी तर लग्न मोडल्याचंही जाहीर करून टाकलं. "घाबरू नका, दाजी," मेहुणे म्हणाले, "खायचा सोडा हाय. कुंकू बी हळदीचंच करत्यात की." मग त्यांनी लिंबू पिळलं आणि मी परत पिवळा झालो. आईचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

कळंबजवळच्या एका गावातल्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पोरांच्या हातात वस्तू द्यायचे आणि आपण बाजूला बसायचे. बंद वस्तू दिसली की त्यांना चैन पडत नसे. एकदा आमच्याकडे जेवायला आले, आणि मी हात धुऊन येईपर्यंत माझा नवाकोरा मिक्सर वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडला होता. "आत काय हाय ते माहीत असावं माणसाला," एवढंच स्पष्टीकरण. शाळेसाठी प्लास्टिकचा सांगाडा आणला तो धाराशिवहून एसटीत, खिडकीशेजारी बसवून. कंडक्टर पूर्ण तिकीट मागत होता आणि मेहुणे "वजन तर बघा त्याचं" म्हणत होते. येरमाळा आला तरी हुज्जत मिटली नव्हती. शेजारची म्हातारी मध्येच उठून मागे जाऊन बसली.

अशा माणसाच्या शाळेनं विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाच्या सरकारी मान्यतेसाठी अर्ज केला. मान्यता मिळाली तर अकरावी-बारावीचं विज्ञान गावातच सुरू होणार होतं. नाहीतर दहावी झालेल्या मुली घरी बसणार, कारण त्यांना रोज कळंबला पाठवायला घरचे तयार नव्हते. मेहुण्यांना त्याचा घोर लागला होता. वर्गात सगळ्यात जास्त वस्तू मोडतात त्या मुलीच, असं ते अभिमानानं सांगत.

अडचण एकच होती. समितीला दाखवायला धड सामान नव्हतं. प्रयोगशाळेचं सामान काचेच्या कपाटात, वेष्टनासकट जपून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मेहुण्यांच्या कपाटाला कुलूपच नव्हतं, त्यामुळे सामानही उरलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी मग शेजारगावच्या शाळेतून चकचकीत सूक्ष्मदर्शक मागून आणले. मीही त्या दिवशी मदतीला गेलो होतो.

समितीच्या अध्यक्षबाईंनी कौतुकानं विचारलं, "हे सगळं तुमच्या शाळेचं?"

"न्हाय, मॅडम," मेहुणे म्हणाले. "काल तुम्ही त्या शाळेत बघितलं, ते हेच."

मुख्याध्यापक मटकन खाली बसले. मागे खुर्ची होती म्हणून बरं. मी चहाचा ट्रे तसाच टेबलाच्या कडेला ठेवला. मेहुण्यांनी तोवर टेबलाखालचं पोतं ओढून सगळं बाईंच्या पुढ्यात रिकामं केलं. तडकलेली भिंगं, वाकलेले तराजू, जळक्या तारा, पोट फाडलेल्या मोटारी. "आमचं हे. कशानं काय बिघडलं ते लेकरं सांगतील."

एका मुलीनं मोटार का जळली ते सांगितलं. दुसरीनं ते खोडून काढलं. मग दोघी समितीसमोरच भांडायला लागल्या आणि थोड्या वेळानं अध्यक्षबाईही त्या भांडणात उतरल्या. चहा गार झाला. मी मात्र संतापलो होतो. खोटं बोलायचं नव्हतं तर निदान गप्प बसायचं, असं मी त्यांना बाहेर सुनावलंसुद्धा. "गप बसून विज्ञान कसं शिकवावं, दाजी?" त्यांनी खरोखरच विचारलं.

आणि मान्यता मिळाली! अट एवढीच होती की नवं सामान घ्यायचं आणि फेरतपासणीला ते पुरं दिसलं पाहिजे. सामान आलं, फाटकावर पाटी लागली, आणि मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं. "एवढी फेरतपासणी होऊ द्या, सर." अकरावीच्या मुली खिडकीच्या जाळीतून सूक्ष्मदर्शक बघायच्या. मेहुण्यांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, पण कुलूप काही निघालं नाही. त्या दिवसांत ते आमच्या घरातल्या एकाही वस्तूला हात लावत नसत. मला ते बघवत नव्हतं.

यंदा ते निवृत्त झाले, तरी फेरतपासणी काही झाली नव्हती. पाहुण्यांना नवं सामान दाखवता यावं म्हणून निरोप समारंभ प्रयोगशाळेतच ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मेहुणे उत्तराला उठले ते सरळ कपाटाकडे गेले. काचेचं एक मोठं चंचुपात्र काढलं, उजेडात धरून निरखलं, आणि हात सोडून दिला.

खळकन आवाज झाला आणि काचा पाहुण्यांच्या पायांपर्यंत उडाल्या.

"आता संच पुरा न्हाय," ते म्हणाले. "पुरा दाखवायची काळजी मिटली. आता वापरा."

मुख्याध्यापक त्या काचा ओलांडून पुढे आले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि विज्ञानाच्या नव्या शिक्षिकेच्या हातात दिली. "घ्या, मॅडम. एकाची भरपाई करायचीच आहे, तर सगळ्यांचीच करू." मुली एकदम कपाटाकडे धावल्या. मेहुणे खाली बसून एकेक काच वेचत होते. कुणी झाडू आणला, तो त्यांनी घेतला नाही.

परत येताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले होते. शाल मांडीवर. एरवी वाटेतल्या प्रत्येक खांबाबद्दल बोलणारा माणूस, घरापर्यंत चकार शब्द बोलला नाही. दारात उतरले तेव्हा मला वाटलं, आता तरी हसतील.

"लई चांगली काच होती, दाजी," ते म्हणाले. "तिच्यात मला एक बी प्रयोग करता आला न्हाय."